कवडशाचे काम



आजचा विषय फलकावर वाचून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. काल आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी तर वाटेत गाठून विचारलेच, "काय हो, संप आणि मोर्चे सोडून आता शॅम्पेनच्या मागे लागलात की काय?" त्यांना जे सांगितले तेच येथे सांगतो. आम्ही वाइनचा थेंबही घेत नाही, आणि इतरांनी घ्यावी की घेऊ नये हा वाद घालायलाही येथे उभे राहिलेलो नाही. आमची गोष्ट बाटलीपर्यंत पोहोचणारच नाही. ती वेलीवर, पानांच्या पसाऱ्यात सुरू होते आणि घड क्रेटमध्ये पडला की संपते. ज्याला आपले बागाईतदार 'कॅनॉपी' म्हणतात, तो हा पानांचा पसारा कसा राखायचा, एवढाच आजचा विषय आहे.

दुसरे असे की, आम्ही शेतकीचे पदवीधर नाही. किंबहुना कशाचेच पदवीधर नाही. जे थोडेफार उमगले ते मजुरांच्या मागे ओळींतून हिंडून, पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या पुस्तिका वाचून आणि जाणत्या बागाईतदारांना भंडावून सोडून उमगले. हा उद्योग का करावा लागला, ती हकिगत आधी ऐका.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या अखेरीस दिंडोरी तालुक्यातल्या एका मळ्यावर काम करणाऱ्या बाया आमच्याकडे आल्या. सगळ्या पेठ-सुरगाण्याकडच्या. मळा फसफसत्या वाइनसाठी द्राक्षे पुरवीत होता. घडाजवळची पाने काढण्याचे काम त्यांनी उक्ते घेतले होते. वेलीमागे अमुक इतके पैसे. काम झाले, महिना गेला, आणि हिशेबाच्या दिवशी मालकाने पैसे कापले. कारण काय, तर ओळीच्या एका अंगाचे घड उन्हाने भाजले आणि माल घेणाऱ्याने ते नाकारले. आम्ही तावातावाने मालकाकडे गेलो. म्हटले, पाने काढायला तुम्ही सांगितलीत, यांनी ती काढली. मग ऊन पडले याचा दंड यांनी का भरावा? मालक शांतपणे म्हणाला, "पाने काढा म्हटले होते, वेल भादरा म्हटले नव्हते." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. कोणती पाने, किती पाने, कोणत्या अंगाची पाने, यांतले काहीच आम्हांला ठाऊक नव्हते. ज्या कामाचा दर मागायला गेलो, ते काम म्हणजे काय हेच पुढाऱ्याला माहीत नाही! त्या दिवशी आम्ही हात हलवीत परत आलो, आणि दुसऱ्या दिवशीपासून पानांच्या शाळेत नाव घातले.

पान म्हणजे वेलीची चूल. उन्हात ती साखर शिजवते आणि ती साखर घडात, काडीत, मुळात जाते. ढोबळ हिशेब असा की, एक किलो द्राक्ष नीट पिकायला सुमारे एक चौरस मीटर पान लागते. मग नवशिक्याला वाटते की पाने जितकी जास्त तितके बरे. तसे नाही. उन्हात असलेले पहिलेच पान नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकाश खाऊन टाकते. त्याच्या मागच्या पानाला उष्टे मिळते, आणि तिसऱ्याच्या वाट्याला जवळजवळ अंधार येतो. असे आतले पान काही कमावत नाही आणि वाऱ्याची वाट मात्र अडवते. वारा अडला की दव वाळत नाही. दव राहिले की डाउनीला घर मिळते, दाट सावलीत भुरी माजते, घड कुजू लागतात. फवारणीचे औषधही आत शिरत नाही. म्हणून चांगल्या वेलीची पानभिंत पातळ असावी लागते. बाहेरून पाहिले तर अधूनमधून पलीकडचे दिसावे, इतकी.

ही गोष्ट शास्त्र म्हणून मांडणाऱ्यांत दोन नावे घ्यावी लागतील. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या जिनीव्हा येथील संशोधन केंद्रात नेल्सन शॉलिस यांनी १९६० च्या दशकात दाट वेलीचा पडदा दुभंगून दोन पडदे केले आणि उत्पन्न वाढवून दाखवले. पुढे ऑस्ट्रेलियाचे रिचर्ड स्मार्ट यांनी पानांचे थर मोजण्याची, घडांवर किती ऊन पडते ते पाहण्याची साधी रीत घालून दिली. त्यांचे पुस्तक १९९१ साली निघाले आणि जगभरच्या मळ्यांत गेले. अर्थात, पाने काढायची आणि फांदी वर बांधायची हे त्याच्या कितीतरी आधीपासून मजूर करतच होते.

येथपर्यंत कोणत्याही द्राक्षाची गोष्ट झाली. फसफसत्या वाइनच्या द्राक्षाची तऱ्हा निराळी. खायचे द्राक्ष जितके गोड तितके चांगले. साध्या वाइनचे द्राक्षही २२ ते २४ ब्रिक्सपर्यंत पिकवतात. बुडबुड्यांच्या वाइनसाठी मात्र घड १७ ते १९ ब्रिक्सलाच उतरवतात, आणि त्यात आंबटपणा भरपूर शिल्लक असावा लागतो. कारण ही वाइन दोनदा आंबते. पहिल्यांदा टाकीत, आणि मग बाटलीत पुन्हा लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर व थोडे किण्व घालून. दुसऱ्या खेपेचा वायू बाटलीतच कोंडला जातो. त्याचा दाब सहा वातावरणांच्या आसपास जातो, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या जवळजवळ तिप्पट. या दुसऱ्या आंबण्यात मद्यार्क आणखी सव्वा टक्क्याने चढतो, म्हणून मुळात द्राक्ष फार गोड असून चालत नाही. आणि आंबटपणा नसेल तर ती वाइन, जाणकार म्हणतात, सपक लागते.

हा आंबटपणा दोन आम्लांचा. त्यांतले टार्टारिक आम्ल टिकाऊ. मॅलिक आम्ल, जे कच्च्या सफरचंदात असते, ते मात्र उकाड्यात जळून जाते. मणी जितका तापेल तितके ते लवकर जाते. त्यातून आणखी एक भानगड आहे. उन्हात उघडी पडलेली साल स्वतःचा बचाव म्हणून तुरट द्रव्ये साठवते. तांबड्या वाइनला ती हवीच असतात. बुडबुड्यांच्या वाइनमध्ये तीच कडवट, राठ लागतात. तेव्हा घडाला पूर्ण ऊन नको आणि पूर्ण सावलीही नको. आपल्याकडे आंब्याखाली दुपारी बसले की अंगावर जसे कवडसे हलतात, तसे कवडसे घडावर हलले पाहिजेत. आम्हांला पुस्तकांतून आणि मळ्यांतून जे मिळाले त्याचे सार या एका मराठी शब्दात आहे. हा कवडसा आपोआप पडत नाही. तो हाताने, पान पाहून पाडावा लागतो.

या द्राक्षाचे मूळ घर म्हणजे फ्रान्सचा शॅम्पेन प्रांत. पॅरिसच्या पूर्वेला, विषुववृत्तापासून ४९ अंश उत्तरेला. चुनखडीची जमीन, थंड हवा, सुमारे ३४,००० हेक्टर मळे. पिनो न्वार, मनिए आणि शार्दोने या तीन मुख्य जाती. पहिल्या दोन काळ्या असूनही रस पांढरा निघतो, कारण घड सबंध, न फुटता घाणीवर जातो आणि चार हजार किलो द्राक्षांतून २,५५० लिटरच रस घेतात. म्हणूनच तेथे तोडणी यंत्राने करायला मनाई आहे. सगळा प्रांत हाताने खुडला जातो, आणि त्यासाठी दरवर्षी लाखभर हंगामी माणसे लागतात.

तेथली वेल ठेंगणी. ओळीओळींत दीड मीटरहून जास्त अंतर नाही, हेक्टरी आठ हजारांच्या आसपास वेली, घड गुडघ्याच्या उंचीवर. मुळात थंड मुलुख. जमिनीची ऊब घडाला मिळावी आणि दाट लागवडीमुळे वेल माजू नये, असा त्यामागचा जुना हिशेब. हिवाळ्यात छाटणी, छाटणीच्या रीतीही नेमून दिलेल्या आहेत. मग काडी तारेला बांधायची. मे महिन्यात नको ते फुटवे हाताने मोडायचे. जूनमध्ये फांद्या वाढू लागल्या की दोन्ही अंगांच्या तारा उचलून त्या उभ्या करायच्या, मग एकेक फांदी वेगळी करून तारेत अडकवायची, म्हणजे पानावर पान चढत नाही. वर शेंडे छाटायला मात्र ओळीच्या दोहों अंगांनी पाय टाकून चालणारा उंच ट्रॅक्टर येतो. बाकी सगळे हाताचे आणि कमरेचे काम. आणि तेथेही हे काम पुष्कळदा उक्ते देतात, क्षेत्रावर मोल ठरवून. हे वाचले तेव्हा आम्हांला त्या लोकांशी सोयरीक असल्यासारखे वाटले.

पण त्या थंड मुलुखाची हवा आता पालटली आहे. २००३ साली तेथे ऑगस्टात तोडणी सुरू झाली. त्याआधी ऑगस्टात तोडणी झाल्याचे साल होते १८२२! त्यानंतर मात्र ऑगस्टातली तोडणी वरचेवर येऊ लागली. २००७, २०११, २०१५, आणि पुढेही. म्हणजे जेथे घडाला ऊन मिळावे म्हणून पाने काढली, तेथे घडाला सावली मिळावी म्हणून ती राखण्याची वेळ आली. एके काळी पाने काढणारे बागाईतदार सकाळच्या उन्हाच्या अंगाची पाने काढून मोकळे होत. आता कोणते पान ठेवायचे याचा विचार करावा लागतो.

आमच्या नाशिककरांना हा विचार पहिल्या दिवसापासूनच करावा लागला. आपण २० अंशांवर. येथे वेल झोपत नाही. म्हणून आपल्याकडे दोन छाटण्या: एप्रिलात खरड छाटणी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ छाटणी. फसफसत्या वाइनचे द्राक्ष थंडीतच पिकावे, रात्री गार असताना त्याचा आंबटपणा टिकावा, म्हणून फळ छाटणी लवकर उरकून डिसेंबर-जानेवारीत घड उतरवतात. फेब्रुवारी उजाडला की ऊन चढते आणि आम्ल पाहता पाहता उतरते. महाराष्ट्रात हा प्रयोग आधी नारायणगावच्या बाजूला झाला; शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने 'ओमर खय्याम' ही फसफसती वाइन काढली आणि ती परदेशी गेली. पुढे नाशिकला सुला आली, दिंडोरीला शाँदोंसारखी मूळ फ्रेंच कंपनी आली. शेनँ ब्लाँ ही जात येथे फार लागली; तिचा घड गच्च, मणी एकमेकांवर दाबलेले, म्हणून आत ओल राहिली की कुजायला वेळ लागत नाही.

एप्रिलच्या छाटणीविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पुढच्या हंगामाचा घड या छाटणीनंतर महिना-दोन महिन्यांत, डोळ्याच्या आत, कुणाला दिसत नाही असा धरतो. त्या वेळी डोळ्यावर ऊन पडले तर घड. सावली पडली तर नुसती वांझ फूट. म्हणजे मे-जूनमध्ये एखाद्या बाईने फुटींची विरळणी नीट केली की नाही, हे ऑक्टोबरात कळते, आणि पैसे जानेवारीत दिसतात. तोवर ती बाई कुठे असते? दुसऱ्या कुणाच्या मळ्यात, नाहीतर घरी, भात लावायला.

आणि ऑक्टोबरात एक काम असते, त्याला 'पेस्ट लावणे' म्हणतात. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड नावाचे रसायन काडीवरच्या डोळ्यांना हाताने लावतात. फुटी एकसारख्या, तर पुढे पानांचा पसारा एकसारखा. म्हणून ते कॅनॉपीचेच काम समजायचे. हे रसायन कातडीला जाळते, आणि त्या दिवशी लावणाऱ्याने दारू घेतली तर अंगाची लाही होते, श्वास कोंडतो. युरोपीय संघाने २००८ साली त्याला आपल्या मंजूर यादीतून वगळले. आपल्याकडे ते चालू आहे. हातमोजे द्या, साबण द्या, आणि संध्याकाळी गुत्त्यावर जाऊ नका हे माणसांना समजावून सांगा, एवढे मागण्यात आम्ही कधी कमीपणा मानला नाही.

आता त्या बायांच्या पैशांकडे येतो. पुन्हा त्या मळ्यावर गेलो ते भांडायला नव्हे. एका ओळीत उभे राहून पाहायला. त्यांच्यातल्या एक वयस्क बाई, त्यांना सगळ्या मावशी म्हणत, आम्हांला ओळीच्या तोंडाशी घेऊन गेल्या. ओळ दक्षिणोत्तर होती. त्या म्हणाल्या, "भाऊ, ऊन काही दोन्ही अंगांनी सारखं नसतंय. उगवतीच्या अंगाची पानं काढली तर चालतंय, सकाळचं ऊन मण्याला सोसतं. मावळतीचं अंग उघडं केलं की दुपारनंतर मणी भाजतोय." आम्ही विचारले, मग मावळतीची पाने काढली कशाला? मावशी हसल्या. "वेलीला पैसा आहे ना. पान कोणतं ते बघत बसलं तर दिवसाला किती वेली होतील? हात घातला, ओरबाडलं, पुढची वेल."

बंधुभगिनींनो, झाले ते एवढेच होते. मालकाला जे ज्ञान माल घेणाऱ्या कंपनीच्या तज्ज्ञाकडून मिळाले होते, ते मावशींपाशी आधीपासूनच होते. पण मजुरीची रीतच अशी होती की ते वापरणाऱ्याचे पोट भरू नये. एक वेल माजलेली, दुसरी किरकोळ. एकीत पाने तिप्पट. दर मात्र दोघींना सारखा. त्यांतही आमचा हात होताच. वेलीमागे दर मागितला होता तो आम्हीच, आदल्या वर्षी, आणि तो मिळाला म्हणून सभा घेऊन पाठ थोपटून घेतली होती.

मग बोलणी झाली. फार ताणाताणीची नव्हती. मालकही त्या वर्षी पोळलेला होता. ठरले असे की काडी बांधणे, तारा उचलणे, शेंडा मारणे ही कामे उक्ती राहोत. ती हातासरशी होतात आणि चुकली तरी डोळ्याला लगेच दिसतात. घडाजवळची पाने काढणे आणि फुटींची विरळणी ही मात्र रोजावर. पहिल्या दिवशी सर्वांनी मिळून एक ओळ करायची, मालकाने ती पाहायची, आणि मग त्याप्रमाणे पुढे. कापलेले पैसे मिळाले का? निम्मे मिळाले. सगळे मिळाले असे सांगितले तर मावशी उद्या गाठतील आम्हांला. पुढल्या वर्षी मात्र मावळतीच्या अंगाला पाने राहिली, आणि घड घेणाऱ्याने काही परत पाठवले नाही.

त्याच ओळीत उभे असताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. तोवर आम्ही पाहिलेल्या बागा खायच्या द्राक्षांच्या, म्हणजे मांडवाच्या. मांडवाखाली घड डोक्यावर लोंबतात. विरळणी करताना दिवसभर मान वर आणि दंड वर. संध्याकाळी बायांना भाकर थापताना हात उचलत नाहीत. पण मांडवाखाली सावली असते. वाइनच्या वेली उभ्या तारेवर चढवतात. हात छातीपाशी येतात, मान सुटते, हे चांगलेच झाले. पण डोक्यावरचे छप्पर गेले. भिंतीसारख्या ओळी, मध्ये आठ-नऊ फुटांची उघडी गल्ली, आणि दुपारी बारा वाजता त्या गल्लीत कुणालाही सावली नाही. घडाला कवडसा पाडून देणारी बाई स्वतः रखरखत्या उन्हात उभी असते. मांडव काढून तारा ओढल्या तेव्हा ही अदलाबदल कुणी मोजलीच नाही.

आपल्याकडे उन्हाने काय होते ते आपल्याला सांगायला नको. पण थंड म्हणून ज्याची ख्याती, त्या शॅम्पेनमध्ये २०२३ च्या सप्टेंबरात तोडणीच्या हंगामात पारा तिशीच्या वर गेला, आणि किमान चार तोडणी कामगार मेले. उन्हानेच मेले का, याची चौकशी सुरू झाली. प्रत्येकाच्या बाबतीत ते शाबीत झाले असे आम्ही म्हणत नाही. त्याच हंगामात पन्नासहून अधिक परदेशी मजूर, बहुतेक पश्चिम आफ्रिकेतले, एका गावी गलिच्छ जागेत कोंबलेले आढळले. त्यांना आणणाऱ्या मुकादमांवर माणसांच्या व्यापाराचा खटला शॅलों येथे चालला, कामगार संघटना त्यात फिर्यादीच्या बाजूने उभ्या राहिल्या, आणि जुलै २०२५ मध्ये तिघांना शिक्षा झाली. फ्रान्सने त्याच साली मे महिन्यात एक हुकूमनामा काढला. १ जुलैपासून तो लागू झाला. उष्म्याचा इशारा असेल तेव्हा कामाच्या वेळा बदलणे, विश्रांती देणे, नळ नसेल तेथे माणशी दिवसाला तीन लिटर पाणी देणे, हे मालकावर बंधनकारक झाले.

कॅलिफोर्नियाने हे वीस वर्षे आधी केले होते. तो मुलुख द्राक्षमजुरांच्या चळवळीचा. डेलानोचा द्राक्षसंप १९६५ च्या सप्टेंबरात फिलिपिनो मजुरांनी सुरू केला, सीझर चावेझ यांची संघटना आठवड्याभरात त्यात उतरली, आणि १९७० साली करार झाले. त्याच कॅलिफोर्नियाने २००५ साली उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी उष्म्याचा नियम केला: पाणी, विश्रांती आणि सावली. सावली हा शब्द कायद्यात! तरीही मे २००८ मध्ये, नियम तीन वर्षांचा झाला असताना, वाइनच्या द्राक्षाच्या एका मळ्यात कामावर असलेली सतरा वर्षांची गरोदर मुलगी उन्हाने कोसळली आणि दोन दिवसांनी वारली. जवळपास सावली नव्हती. त्यानंतर ओरड झाली, नियम कडक झाला, आणि २०१५ पासून ८० अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशेबाने पावणेसत्तावीस अंशांच्या वर पारा गेला की विश्रांती घेणाऱ्या प्रत्येकाला पुरेल इतकी सावली हजर ठेवावी लागते.

पावणेसत्तावीस! नाशिकच्या जानेवारीतली दुपार यापेक्षा गार असते काय? आपण ज्याला थंडी म्हणतो, त्या थंडीच्या दुपारीही त्या नियमाने आपल्या ओळींच्या टोकाला छप्पर लागेल. आमच्याकडे १९५१ चा मळेकामगार कायदा झाला तो चहा, कॉफी, रबर आणि सिंकोना यांच्यापुरता. द्राक्षाला त्यात जागा मिळाली नाही. महाराष्ट्राने १९६९ साली डोक्यावर ओझे वाहणाऱ्या माथाडीसाठी देशात कुठे नव्हता असा कायदा केला. ज्याने माथाडी ओळखला, त्या राज्याला पाने काढणारी बाई ओळखणे अवघड जाऊ नये.

एका बाबतीत आमचे आमच्या फ्रेंच बांधवांशी सर्वस्वी जमत नाही, तेही प्रांजळपणे सांगतो. जुलै २०२१ मध्ये शॅम्पेनच्या द्राक्षउत्पादकांच्या संघाने अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर ठराव केला की ज्याला हवे त्याने ओळींतले अंतर २ मीटर २० सेंटिमीटरपर्यंत वाढवावे, वेल उंच करावी. वेली जवळजवळ निम्म्या होतील, साधा ट्रॅक्टर ओळीत शिरेल, दुष्काळ आणि हिमकडाका जरा बरा सोसेल, खर्च वाचेल. तेथल्या सेजेते या कामगार संघटनेने कडाडून विरोध केला: वेली निम्म्या म्हणजे छाटणी, बांधणी, फुटवे काढणे सगळेच कमी, म्हणजे माणसे कमी. त्यांची भीती खोटी नाही. वाचणारा खर्च म्हणजे कुणाची तरी मजुरीच असते. पण गुडघ्याच्या उंचीवरच्या वेलीपुढे जन्मभर वाकून ज्याची कंबर गेली, त्याला वेल छातीपाशी आली तर आम्ही नको कशी म्हणावी? वेल उंच होऊ द्या. पण जो पैसा वाचेल त्यातला किती त्या कंबरेचा, हे ओळी आखण्याआधी ठरवा, असे आम्ही म्हटले असते. येथे बसून म्हणणे सोपे आहे, याचीही आम्हांला जाणीव आहे. आपल्याकडे वाइनच्या मळ्यात एकरी हजार-बाराशे वेली, ओळी मुळातच रुंद. त्यांच्या भांडणाचा शेवट आपण सुरुवातीलाच उचलला आहे.

राहता राहिली तोडणी. फसफसत्या वाइनचा घड गार असताना उतरवावा लागतो, म्हणून पहाटे, कपाळाला दिवे बांधून तोडणी चालते. घडाला गारवा, मजुराला गारवा, हे खरोखर दोघांच्या सोयीचे झाले. पण पहाटे चारला ओळीत उभे राहायचे तर घरून अडीचला निघावे लागते. अंधारात वेलीच्या बुडाशी साप असतो. लहान मूल कुणापाशी ठेवायचे? आणि सकाळी नवाला तोडणी संपली की मुकादम म्हणतो, अर्धाच दिवस भरला. घरातून निघाल्यापासून मोजायचा की ओळीत शिरल्यापासून, हा वाद आमचा अजून मिटलेला नाही. दोन मळ्यांनी गाडी पाठवायचे कबूल केले आहे. एकाने ओळींच्या टोकाला हिरव्या जाळीची दोन छप्परे उभी केली. ती बायांनी स्वतः जागा दाखवून, सावली कुठे सरकते ते पाहून बांधून घेतली.

वेळ बराच झाला, अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे. एप्रिलच्या छाटणीच्या फुटी आता हातभर झाल्या आहेत, विरळणीचे दिवस आहेत. उद्या पहाटे गिरणाऱ्याच्या मजूर अड्ड्यावर यंदाच्या विरळणीच्या रोजाची बोलणी आहेत आणि मावशींनी आम्हांला पाचला बोलावले आहे. त्यांना उशीर झालेला चालत नाही. तेव्हा रजा द्यावी.